छायेंतला कोको

खामगांवच्या पेठेंत कापसाच्या गाड्या येऊं लागल्या, म्हणजे बुलढाणा जिल्ह्याची सुगी कळते. काळ्या जमिनीचें हें पीक उन्हावर पोसतें. याच कापसासाठीं 1870 सालीं जलंबहून खामगांवला लोहमार्गाचा फाटा आला. त्याच पेठेंत आज चॉकलेटची वडीही मिळते. परंतु ती ज्याच्या बियांपासून होते, तो कोकोवृक्ष जिल्ह्याच्या शेतशिवारांत दृष्टीस पडत नाहीं. कापूस जेथें पिकतो, तेथें कोको कां पिकूं नये? या साध्या प्रश्नाच्या उत्तरांत त्या झाडाचा निम्मा इतिहास सांठलेला आहे.

कोकोचें मूळ घर दक्षिण अमेरिकेंत, ॲमेझॉन नदीच्या वरच्या खोऱ्यांतील अरण्यांत. तेथें तो उंच वृक्षांच्या पडछायेखालीं वाढला, आणि ती संवय त्यानें कधीं सोडली नाहीं. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंस सुमारें 20 अंशांपर्यंतचा पट्टा त्याला मानवतो. लोणारचें सरोवर या मर्यादेच्या अगदीं कांठावर आहे. पण अंश जुळले म्हणून हवा जुळत नाहीं. वर्षाला 1500 ते 2000 मिलिमीटर पाऊस, तोही शक्य तों बारमाही, ही कोकोची अपेक्षा. पूर्णेच्या खोऱ्यांतील वैशाखवारा त्याचीं कोंवळीं पानें करपवून टाकील. आणि चार महिन्यांचा पाऊस सरल्यावर त्याची तहान कोण भागवील?

रोप लावल्यापासून तीन ते पांच वर्षांनीं झाड फुलावर येतें. उंबराचीं फळें जशीं खोडाला लगडतात, तशींच कोकोचीं फुलें व फळें खोडावर आणि जुन्या फांद्यांवर येतात. फुलें हजारों, पण फळ धरतें फार थोड्यांना. कारण त्यांचें परागीकरण चिलटांसारखे सूक्ष्म कीटक करतात, आणि ते कीटक झाडाखालच्या कुजक्या पाल्यांत वाढतात. सावली, ओल व पाचोळा यांपैकीं एक गेलें, कीं फळही जातें. फळ पिकावयास पांच-सहा महिने लागतात. आंत पांढऱ्या गरांत तीस-चाळीस बिया असतात. त्या गरासह पांच-सहा दिवस आंबवून मग वाळवाव्या लागतात. त्यावांचून चॉकलेटचा स्वाद उतरत नाहीं.

वाळलेली बी मात्र रुजत नाहीं. मेक्सिकोंतील ॲझटेक लोकांत कोकोच्या बिया नाण्यांप्रमाणें चालत. त्या नाण्यांतून झाड उगवणें शक्य नव्हतें. दूरदेशीं न्यावयाचें तर ताजें फळ किंवा जिवंत रोपच न्यावें लागे. ईस्ट इंडिया कंपनीनें 1798 सालीं मोलुक्का बेटांतील अंबोनहून कोको आणून दक्षिणेंत कुट्रालम येथें लावला. पण तो देशांत पसरला नाहीं. उलट टेट्टे क्वार्शी नांवाच्या एका लोहारानें 1879 सालीं फर्नांदो पो बेटावरून कोकोचें बीं आपल्या गांवीं, पश्चिम आफ्रिकेच्या गोल्ड कोस्टवर नेलें. तेथील लहान शेतकऱ्यांनीं अरण्याच्या सावलींत तें वाढविलें, आणि 1911 सालापर्यंत तो प्रदेश कोकोच्या उत्पन्नांत जगांत पहिला झाला.

भारतांत कोको खऱ्या अर्थानें स्थिरावला तो 1960 नंतर. केरळ व कर्नाटकांतील नारळी-पोफळीच्या बागांत, आणि पुढें तामिळनाडू व आंध्र प्रदेशांत, त्याला हवी ती सावली आयती मिळाली. जें सत्तेच्या इच्छेनें साधलें नाहीं, तें माडाच्या झांवळीनें साधलें.

खामगांवचा कापूसकरी आणि आफ्रिकेंतला कोकोकरी यांची भेट कधीं झालेली नाहीं. एकाचें पीक उन्हाचें, दुसऱ्याचें छायेचें. परंतु आपल्या मालाचा भाव दूरच्या पेठेंत ठरावा, हें भाग्य दोघांचें सारखेंच. वडीचा तुकडा तोंडांत विरघळतांना त्या दोघांचें स्मरण झालें, तर तिची गोडी कमी होणार नाहीं. तिची किंमत मात्र नीट कळेल.