दिशावाचक शब्द आणि वक्त्याचे स्थान

नागपूरच्या लकडगंजला ‘पूर्व नागपुरात’ घालताना शहराचा मध्य गृहीत धरलेला असतो. पारडीच्या रहिवाशाला तेच लकडगंज पश्चिमेस पडते. दिशावाचक शब्दाची व्युत्पत्ती केवळ धातूपाशी थांबली, तर वक्त्याचे हे स्थान निसटते.

संस्कृतात ‘पूर्व’ म्हणजे पुढचा, ‘पश्चिम’ म्हणजे मागचा आणि ‘दक्षिण’ म्हणजे उजवा. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाच्या देहावरून ही व्यवस्था सिद्ध झाली. ‘दक्षिण’चा सगोत्र असलेला आद्य-स्लाव्ह ‘देस्न’ हा शब्द मात्र उजव्या हातापाशीच राहिला. उत्तरेसाठी स्लाव्ह भाषांत ‘सेवेर’ रूढ झाला. त्याचा सगोत्र मानला जाणारा लॅटिन ‘काउरुस’ म्हणजे वायव्येचा वारा. तेव्हा येथे दिशेचे नाव वाऱ्यावरून आले असावे.

मराठीतील ‘उगवत’ आणि ‘मावळत’ हे शब्द सूर्यगतीवर आधारलेले आहेत. ‘मावळणे’ या क्रियापदाशी जोडले जाणारे ‘मावळ’ हे प्रदेशनाम या दृष्टीने उद्बोधक ठरते. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरचा हा मुलूख देशावरून पाहता सूर्यास्ताकडे येतो. कोकणातून पाहता सूर्य त्याच बाजूने उगवतो. ही व्युत्पत्ती ग्राह्य धरली, तर नाव ठेवणारा देशावरचा होता, असे म्हणावे लागते. पुढे नाव सर्वांचे झाले. त्यातली दृष्टी मात्र देशाचीच राहिली. म्हणून अशा शब्दांच्या इतिहासात ‘कोणत्या धातूपासून?’ या प्रश्नाबरोबरच ‘कोठे उभे राहून?’ हाही प्रश्न विचारणे आवश्यक आहे.