चयाचा हिशेब

रामदासपेठेतील माझ्या घरी संध्याकाळी चार-दोन मुले गणित विचारायला येतात. त्यांतल्या एकीची आई याच पेठेत पाच घरच्या पोळ्या करते. परवा अंकगणिती श्रेढीचा धडा उघडून ही मुलगी म्हणाली, "सर, हे कुणाच्या घरात उपयोगी पडते?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधायला आठशे वर्षे मागे जावे लागते.

भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त श्रेढी शिकवली ती घेण्यादेण्यातूनच. एक दाता पहिल्या दिवशी ४ द्रम्म देतो, पुढे रोज ५ वाढवतो. पंधरवड्यात किती दिले? पहिली रक्कम 'मुख', रोजची वाढ 'चय', दिवसांची संख्या 'गच्छ'. शेवटच्या दिवशी ७४ द्रम्म. मुख आणि अंत्य यांच्या बेरजेचे निम्मे ३९. त्याला १५ ने गुणले की ५८५. पाटीवर चार ओळींत संपणारा हिशेब!

त्याच प्रकरणात दुसरा दाता पहिल्या दिवशी फक्त दोन कवड्या देतो, पण रोज दुप्पट करतो. महिनाअखेर कवड्या होतात २,१४,७४,८३,६४६! चयाने वाढणारा खर्च माणसाच्या आवाक्यात राहतो. दुपटीने वाढणारा घर बुडवतो. व्याजावर व्याज चढलेल्या कुळांना हे पुस्तकावाचूनही कळले होते.

ही विद्या जगली कशी, हेही पाहण्याजोगे आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे आचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. शके ११२८ च्या तेथील शिलालेखात निकुंभ राजा सोइदेवाचे दान नोंदले आहे. त्यातला मराठी भाग बाजाराविषयी बोलतो : विक्रीच्या मालावरचा कर मठाला, आणि दर घाण्यामागे पळीभर तेल. म्हणजे गणिताच्या दिव्यात तेल होते ते तेल्यांचे!

मुलीला मी हे सांगितले आणि हिशेब मांडला. आईने पहिल्या महिन्यात १०० रुपये बाजूला टाकले, दरमहा १० वाढवले, तर बाराव्या महिन्यात २१०, निम्मी बेरीज १५५, वर्षाचे १,८६०. पुढच्या वर्षीची वह्या-पुस्तके उसनवारीवाचून येतील.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आणि एखाद्या महिन्यात आई आजारी पडली तर?"

"तर तो महिना सोडायचा. गच्छ बाराच ठेवायचा. आपले वर्ष तेरा महिन्यांचे झाले असे समजायचे."

तिने वहीत बाराच्या खाली एक रिकामी ओळ सोडली.