तवांग : नकाशावरची रेषा आणि जमिनीवरचा कारभार

चीनने अरुणाचल प्रदेशातील गावांना, नद्यांना आणि शिखरांना चिनी नावे देणाऱ्या याद्या २०१७ पासून वारंवार प्रसिद्ध केल्या आहेत. प्रत्येक यादीनंतर आपले परराष्ट्र मंत्रालय ठरलेला निषेध नोंदवते. वृत्तवाहिन्यांवर दोन दिवस गदारोळ होतो आणि विषय मागे पडतो. या वादाचे मूळ १९५०-५१ च्या हिवाळ्यात आहे. ती हकीकत राजनीतीइतकीच प्रशासनाची आहे, आणि प्रशासनाचा भाग सहसा सांगितला जात नाही.

ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सैन्य तिबेटच्या पूर्व भागात, चामदो येथे शिरले. ७ नोव्हेंबरला सरदार पटेलांनी पंतप्रधान नेहरूंना ते प्रसिद्ध पत्र लिहिले. त्यामागे परराष्ट्र मंत्रालयाचे सरचिटणीस सर गिरिजाशंकर बाजपेयी यांचा विचार मोठ्या प्रमाणात होता. (हेच बाजपेयी पुढे मुंबई राज्याचे राज्यपाल झाले आणि १९५४ मध्ये त्या पदावर असतानाच निवर्तले.) या पत्रातील चीनविषयक इशारा सर्वांना ठाऊक असतो. कित्येक शतकांनंतर भारताला प्रथमच एकाच वेळी दोन आघाड्यांवर संरक्षणाचा विचार करावा लागणार आहे, हे त्यातील विधान आजही उद्धृत होते. परंतु ज्याने जिल्ह्याचा कारभार पाहिला आहे त्याला पत्राचा उत्तरार्ध अधिक जवळचा वाटेल. सीमाभागातील रस्ते, लोहमार्ग, विमानमार्ग व बिनतारी यंत्रणा, चौक्यांवरील पोलीस व गुप्तवार्ता, ल्हासातील आपले कार्यालय, ग्यांत्से व यातुंग येथील व्यापारी ठाणी, मॅकमहोन रेषेबाबतचे धोरण, अशी कामांची जंत्रीच सरदारांनी दिली होती. संस्थाने विलीन करणाऱ्या माणसाला सत्ता कागदावर राहत नाही हे कोणी शिकवण्याची गरज नव्हती. पुढे अवघ्या पाच आठवड्यांत, १५ डिसेंबरला, त्यांचे निधन झाले.

नेहरूंनी १८ नोव्हेंबरच्या टिपणात आपली बाजू मांडली. तिबेट वाचवणे भारताच्या शक्तीबाहेरचे आहे, हे त्यांचे म्हणणे चूक म्हणता येत नाही. नजीकच्या काळात चीन भारतावर मोठा हल्ला करील हे मात्र त्यांना अत्यंत असंभवनीय वाटले. मॅकमहोन रेषा हीच आमची सीमा, हे त्यांनी २० नोव्हेंबरला संसदेत निःसंदिग्धपणे सांगितले होते. अडचण अशी की १९१४ च्या सिमला परिषदेत आखलेली ही रेषा इंग्रजांनी बराच काळ कागदावरच ठेवली होती. १९३८ साली कॅप्टन लाइटफूट तवांगला जाऊन आले. १९४४ मध्ये दिरांग झोंगपर्यंत आसाम रायफल्सची चौकी आली. त्यापलीकडे, से ला खिंडीच्या उत्तरेस, त्सोनाचे तिबेटी अधिकारी कर गोळा करीत होते.

ही उणीव आसामचे राज्यपाल जयरामदास दौलतराम आणि मेजर रालेंगनाओ खाथिंग यांनी भरून काढली. खाथिंग हे मणिपूरचे तांखुल नागा. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी मिलिटरी क्रॉस मिळवला होता, आणि आता ते साहाय्यक राजकीय अधिकारी होते. १७ जानेवारी १९५१ रोजी चारदुआरहून आसाम रायफल्सचे सुमारे दोनशे जवान घेऊन ते निघाले. १३,७०० फुटांवरील से ला भर हिवाळ्यात पायी ओलांडून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ते तवांगला पोहोचले. तेथे त्यांनी छावणीसाठी मोक्याची जागा निवडली, जवानांचे संचलन करवून बळ दाखवले, पण गोळी झाडली नाही. मठाच्या आणि गावांच्या प्रमुखांशी बोलून यापुढे त्सोनाला कर द्यायचा नाही, असे सांगितले. जुन्या महसुली कारकुनासही समजेल अशी ही गोष्ट आहे : कर कोण घेतो, यावरून राज्य कोणाचे ते ठरते. ल्हासा सरकारने निषेध केला. पीकिंगने चकार शब्द काढला नाही. दिल्लीत कोणाला किती कल्पना होती याविषयी अनेक रंगतदार कथा सांगितल्या जातात. मला त्यांत रस नाही. काम झाले, हे महत्त्वाचे.

आता पश्चिमेकडे पाहावे. १९५४ च्या जुलैमध्ये सीमा निश्चित दाखवणारे नवे नकाशे काढण्याचे व सीमेवर चौक्या उभारण्याचे आदेश नेहरूंनी दिले. आदेश उत्तमच होता. परंतु अक्साई चीनमध्ये त्या तोडीची यंत्रणा उभी राहिली नाही. तेथून चीनने रस्ता बांधून १९५७ मध्ये तो पूर्ण झाल्याचे जाहीर केले. आपली गस्ती पथके पाहणीस गेली ती १९५८ च्या उन्हाळ्यात, आणि त्यांपैकी एक चिन्यांच्या ताब्यात सापडले. संसदेला ही हकीकत कळायला १९५९ चा ऑगस्ट उजाडला. लडाखची ती उजाड पठारे आणि मोन्पांची वस्ती असलेले तवांगचे खोरे यांची तुलना पूर्णतः न्याय्य नाही, हे मान्य. तेथे कर देणारा माणूसच नव्हता. तरीही तेथे पुरेसे लक्ष दिले गेले नाही, याचे खापर भूगोलावर फोडता येणार नाही.

दरम्यान २९ एप्रिल १९५४ च्या करारान्वये आपण ग्यांत्से व यातुंग येथील लष्करी तुकड्या काढून घेतल्या, तार-टपाल यंत्रणा व बारा विश्रामगृहेही चीनच्या स्वाधीन केली. ते वसाहतकालीन अवशेष होते आणि आज ना उद्या सोडावे लागले असते. पण त्यांच्या बदल्यात सीमेला मान्यता मागायची ती वेळ होती. करारात सीमेचा उल्लेखच नाही. वाटाघाटी करणाऱ्यांना, प्रश्न उपस्थित केला तर तो खुला होईल, ही भीती वाटली. हातातले नाणे खर्च झाले, वस्तू मात्र मिळाली नाही. आठ वर्षांची मुदत संपल्यावर १९६२ मध्ये करारही लोपला.

त्याच वर्षी चिनी सैन्य तवांगमध्ये घुसले आणि युद्धविरामानंतर परत गेले. आपले अधिकारी पुन्हा तेथे रुजू झाले, कारण रुजू होण्यासाठी तेथे कार्यालय होते, गावबुढे होते, अकरा वर्षांचा दप्तरखाना होता. अक्साई चीनमध्ये परतायला असे काहीच नव्हते.

से लाच्या पोटातून मार्च २०२४ मध्ये बोगदा सुरू झाला. त्याआधी वर्षभर, फेब्रुवारी २०२३ मध्ये, केंद्र सरकारने उत्तर सीमेवरील २,९६७ गावांसाठी योजना मंजूर केली होती. पहिल्या टप्प्यात त्यांतील ६६२ गावे घेतली. पलीकडे चीनने नवी गावे वसवून कुटुंबे आणून ठेवली आहेत. आपल्या गावांतील तरुण मात्र शिक्षणासाठी इटानगर, गुवाहाटी, दिल्ली गाठतात. त्यांनी परत यावे असे वाटत असेल, तर तेथे नेमणूक झालेल्या शिक्षकाने आणि डॉक्टरने हिवाळ्यातही मुक्कामी राहिले पाहिजे.