मेंदूचा नकाशा आणि पेनफिल्डची बहीण

शाळेत भूगोल शिकवताना एक सोय असायची. भारताचा नकाशा एकदा भिंतीवर टांगला की सगळ्या तुकड्यांना चालायचा. मेंदूचं तसं नाही. ढोबळ रचना सारखी असली तरी बारकावे माणसागणिक वेगळे, आणि गाठ वाढली की आजूबाजूचा मुलूखच सरकतो. सध्या या नकाशांचा इतिहास वाचते आहे, म्हटलं तुम्हालाही सांगावा.

१८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांच्या एका रुग्णाला 'टॅन' यापलीकडे फारसं बोलता येत नव्हतं. मृत्यूनंतर पाहिलं तर मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात इजा होती. १८७० मध्ये जर्मनीत फ्रिच आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूला ठरावीक जागी विजेचा सौम्य प्रवाह दिला, तर ठरावीक स्नायू हलले. १८८४ मध्ये लंडनला केवळ लक्षणांवरून जागा ओळखून रिकमन गॉडली यांनी गाठ काढली. गाठ सांगितल्या ठिकाणीच सापडली, पण रुग्ण महिन्याभरात जंतुसंसर्गाने गेला.

पुढचं मोठं नाव कॅनडातल्या माँट्रिअलच्या वाइल्डर पेनफिल्ड यांचं. मेंदूला स्वतःला वेदना जाणवत नाहीत, त्यामुळे डोक्याची कातडी बधिर केली की रुग्ण जागा राहू शकतो. पेनफिल्ड एकेका जागी वीज लावत आणि रुग्णाला काय होतंय ते विचारत. कुणाचा अंगठा हलायचा, कुणाची बोलता बोलता वाचा थांबायची. त्या जागेवर आकडा लिहिलेली चिठ्ठी ठेवायची आणि तिथे सुरी लावायची नाही. म्हणजे नकाशा काढण्यात रुग्णाचाही हात!

१९२८ साली त्यांच्यापुढे सख्खी बहीण आली, रूथ. उजव्या पुढच्या भागात मोठी गाठ. त्यांनी स्वतः शस्त्रक्रिया केली, पण सगळी गाठ काढता आली नाही. रूथ घरी परतली. बोलणं, चालणं व्यवस्थित. मात्र पाहुणा जेवायला येणार म्हटल्यावर चार पदार्थांची जुळवाजुळव तिला जमेना. नियोजनाची ही शक्ती अंगठ्यासारखी हलून दिसत नाही, त्यामुळे विजेच्या टोचणीने ती सापडत नव्हती. १९३१ मध्ये रूथ गेली. १९३४ मध्ये पेनफिल्ड यांची माँट्रिअल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट उभी राहिली.

आता शस्त्रक्रियेआधीच एफएमआरआयमध्ये बोलण्याच्या, हालचालीच्या जागा पाहता येतात. खोलवरच्या गाठीजवळून जाणारे मज्जातंतूंचे जुडगेही दुसऱ्या तऱ्हेच्या एमआरआयने रेखाटता येतात. तरीही नाजूक जागी काम असेल तर अनेकदा रुग्णाला जागं ठेवून बोलतं करतातच. काही ठिकाणी विचार करण्याच्या, निर्णय घेण्याच्या चाचण्याही तेव्हाच घेतात. रूथच्या वेळी हे नव्हतं.

दोन भाषा बोलणाऱ्यांच्या मेंदूत काही जागा एकाच भाषेच्या असू शकतात, असंही आढळलं आहे. म्हणून आपल्यापैकी कुणावर अशी वेळ आलीच, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा की घरात मराठी बोलतो, कामावर हिंदी-इंग्रजी, आणि हाताने अमुक काम करतो. काय राखायचं आहे, ते त्यांना आपणच सांगायला हवं.