खांबात काय दिसते?

परभणीहून गंगाखेडच्या वाटेवर पोखर्णी लागते. इथला नृसिंह पंचक्रोशीत जागृत मानतात. सत्ता माणसाच्या नजरेवर हक्क सांगते, या कल्पनेचा मागोवा आपण इथूनच सुरू करू, कारण भागवताच्या सातव्या स्कंधातल्या नृसिंहकथेत ती पुरती उतरलेली आहे. हिरण्यकशिपूचे नुसत्या राज्याने भागत नाही. प्रजेने आपल्यावाचून दुसरा ईश्वर पाहूच नये, हा त्याचा हट्ट. त्यासाठी मुलाला शिकवायला शुक्राचार्यांचे पुत्र शंड आणि अमर्क नेमले जातात. तरी प्रल्हादाला दिसायचे ते दिसतेच. तेव्हा बाप विचारतो, तो सर्वत्र आहे तर या खांबात का दिसत नाही? पुराणकाराने दैत्याच्या तोंडी अखेरचा प्रश्न दिसण्याचाच घातला, ही मला त्या कथेची खरी थोरवी वाटते.

हीच पोखर्णी पुढे निजामाच्या राज्यात होती. तिथे ‘गश्ती निशाण 53’ या हुकमाने सभेला आधी सरकारची परवानगी लागे. 1937 साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले ते परतूरला, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातच. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती रीतसर उभी राहण्याआधीच बंदी आली. 17 सप्टेंबर 1948 ला ही राजवट संपली. त्याच वर्षी स्कॉटलंडच्या जुरा बेटावर आजारी जॉर्ज ऑर्वेल नजरेवरच्या पहाऱ्याचीच कादंबरी, ‘1984’, पुरी करत होता. त्याच्याही आधी, 1920–21 मध्ये, रशियात येव्गेनी झाम्यातिनने एका कादंबरीत काचेच्या घरांत राहणारी प्रजा आणि माणसाची कल्पनाशक्तीच कापून काढणारी शस्त्रक्रिया रंगवली होती. ती कादंबरी 1924 ला इंग्रजीत निघाली. मायदेशात छापायला 1988 उजाडले. दरम्यान 1963 मध्ये अमेरिकेच्या रे नेल्सनने एका छोट्या कथेत संमोहनातून पूर्ण जागा झालेला माणूस आणला. आपल्यावर परग्रहावरचे जीव राज्य करतात, हे त्याला एकाएकी दिसू लागते. प्रल्हादाचा हा दूरचा भाऊबंदच.

या साऱ्या विज्ञानकथाच. मराठीत विज्ञानकथेची वाट 1911 च्या ‘तारेचे हास्य’पर्यंत मागे जाते. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला जयंत नारळीकरांनी टोपणनावाने ‘कृष्णविवर’ पाठवली आणि या वाटेवर नवी वर्दळ झाली. लगेच पुढच्या जूनमध्ये आणीबाणी आली, वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी बसली, आणि डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत तिच्याविरुद्ध उघड बोलल्या. निजामी अंमलही पाहिलेल्या आणि प्रल्हादाचे आख्यान ऐकत वाढलेल्या मराठवाड्यातून, नजरेवरच्या पहाऱ्याची एक अस्सल विज्ञानकथा यावी, अशी माझी फार इच्छा आहे.