मार्कंडेय : एका नावाचा इतिहास

माणसाच्या नावाचा अर्थ कोशात सापडतो. पण ते नाव कोणत्या भीतीतून अथवा कोणत्या आशेतून ठेवले गेले हे कोश सांगत नाही. त्यासाठी ते नाव ज्या गावात राहते त्या गावीच जावे लागते. चांदा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या, वैनगंगाकाठच्या गावांत 'मार्कंडी' या नावाचे पुरुष भेटतात. नाव ऐकले की परक्या माणसास ते एखाद्या स्थानिक बोलीतले वाटते. वस्तुतः ते शुद्ध संस्कृत नाव आहे आणि त्याचे मूळ रूप 'मार्कंडेय' होय.

व्याकरणाच्या दृष्टीने या नावाची घडण सरळ आहे. मृकंडू ऋषीचे अपत्य तो मार्कंडेय. अपत्यार्थी 'एय' प्रत्यय लागला की आद्य स्वराची वृद्धी होऊन 'मृ' चा 'मार्' होतो आणि शेवटचा उकार गळतो. मात्र एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. 'एय'कारान्त अपत्यनामे बहुधा आईच्या नावावरून बनतात: कौंतेय, राधेय, गांगेय, वैनतेय, आंजनेय. बापाच्या नावावरून बनलेली 'आत्रेय', 'मार्कंडेय' अशी नावे त्या मानाने थोडी. आता 'मृकंडू' म्हणजे काय? ऋषी समाधीत इतका निश्चल बसे की रानातले मृग त्याच्या अंगाला अंग घासून आपली कंडू शमवीत, म्हणून तो मृकंडू, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. ती गोड आहे. पण मधला 'ग' कोठे गेला याचे उत्तर ती देत नाही, म्हणून तिला आम्ही कथेचेच मोल देतो.

मार्कंडेयाची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. मृकंडूस पुत्र नव्हता. शंकर प्रसन्न झाला, पण त्याने अट घातली: दीर्घायुषी परंतु मंदबुद्धी पुत्र हवा, की गुणवान पण सोळाच वर्षांचे आयुष्य असलेला? बापाने गुणवान पुत्र मागितला. सोळावे वर्ष सरताना यम आला, मुलाने शिवलिंगास मिठी मारली, पाश लिंगावर पडला, आणि शंकराने प्रकट होऊन यमाचे पारिपत्य केले. नरसिंहपुराणात मृत्यूवरील या विजयाचे श्रेय विष्णुभक्तीला दिले आहे. तेव्हा शैव आणि वैष्णव दोघांनाही हा मुलगा आपला वाटत होता असे दिसते. महाभारताच्या वनपर्वात मात्र पाशाची कथा येत नाही. तेथे तो सहस्रावधी वर्षांचा, तरी देहाने तरुण असा भेटतो, प्रलयाच्या जळात वटवृक्षाच्या फांदीवर पाहिलेल्या बालकाची हकीकत सांगतो, आणि वनवासातल्या धर्मराजाला सावित्रीचे आख्यानही तोच ऐकवतो. यमाच्या हातून पती सोडवून आणणाऱ्या स्त्रीची कथा स्वतः यमाच्या हातून सुटलेल्या माणसाच्या तोंडी घालणारा कवी मोठा जाणता असला पाहिजे.

ही कथा आपल्याच गावी घडली असे म्हणणारी स्थळे देशात अनेक आहेत. तमिळनाडूत तिरुक्कडैयूर आहे. पुरीच्या जगन्नाथक्षेत्रात मार्कंडेय सरोवर आहे. आपल्याकडे वणीच्या सप्तशृंगगडासमोर मार्कंडेय पर्वत उभा आहे आणि बेळगावाकडे त्याच नावाची नदी वाहते. सप्तशतीचे तेरा अध्याय मार्कंडेयपुराणातले, म्हणून वणीची देवी मान कलती करून समोरच्या डोंगरावरील ऋषीचे पठण ऐकते, असे भाविक मानतात.

पण नावाचा आणि दगडाचा मेळ जसा गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा येथे पडला आहे, तसा क्वचितच पडला असेल. येथे दक्षिणेकडे जाणारी वैनगंगा वळून उत्तरवाहिनी होते, आणि त्या वळणाच्या काठावर सुमारे वीस लहानमोठ्या मंदिरांचा समूह उभा आहे. जनरल कनिंगहॅमने १८७३-७४ च्या सुमारास मध्यप्रांतात केलेल्या दौऱ्याच्या अहवालात त्याचे वर्णन आहे. शिल्पाच्या घनदाटपणामुळे खजुराहोची आठवण होते, हे पाहणारे तेव्हापासून म्हणत आले आहेत. मुख्य मंदिराच्या शिखरावर वीज कोसळून मोठी हानी झाली आणि गोंड राजवटीत त्याची दुरुस्ती झाली. आत आधारासाठी उभारलेले जाडजूड खांब नाजूक कोरीव कामाशेजारी ओबडधोबड दिसतात खरे; पण ते खांब घालणाऱ्याला शिल्पशास्त्र दाखवायचे नव्हते, देव वाचवायचा होता.

आमचे लक्ष मात्र शिल्पापेक्षा मंदिरांच्या नावांकडे जाते. समूहातील प्रमुख चार मंदिरे अशी: मार्कंड ऋषीचे, मृकंडू ऋषीचे, शंकराचे आणि यमधर्माचे. म्हणजे मुलगा, बाप, वाचवणारा आणि न्यायला आलेला, असे चौघेही एकाच आवारात आहेत. हरलेल्या यमाला कोणी हाकलून दिलेले नाही. महाशिवरात्रीच्या जत्रेस येणारा शेतकरी चौघांपुढेही हात जोडतो. पुढे चपराळ्याजवळ वैनगंगा आणि वर्धा एकत्र होतात आणि त्या प्रवाहाला 'प्राणहिता' म्हणतात. हे नाव कोणी ठेवले असेल ते असो. मार्कंड्याखालच्या पाण्याला ते शोभते.

आता लोकांकडे वळू. ज्या घरी मुले जगत नसत तेथे महाराष्ट्रभर दोन रीती होत्या. एक रीत अशी की मुलाला हलके नाव द्यावयाचे, दगडू, धोंडू, केरू, भिकू, म्हणजे मृत्यूची नजर त्याच्यावर पडू नये. दुसरी रीत उलट: ज्याने मृत्यूला परतवले त्याचेच नाव मुलास द्यावयाचे. पहिलीत लपणे आहे, दुसरीत सामना आहे. मार्कंड्याचा देव जवळ असल्याने या टापूत दुसरी रीत सोयीची झाली. ग्रामीण जिभेने 'एय' टाकून 'मार्कंडी' केले, थोरामोठ्यांच्या घरी 'मार्कंडराव' झाले, आणि सिरोंचाकडे तेलुगू बोलीच्या संगतीत 'मार्कंडय्या' ऐकू येते. मारोती, विठोबा, तुळशीराम यांच्याएवढे ते कधी फैलावले नाही. आत भामरागडच्या माडिया पाड्यांतून नावांचा भांडारच वेगळा. तेथे संस्कृताची ही लाट फारशी चढली नाही. आंध्र-तेलंगणातून सोलापुरास आलेल्या पद्मशाली विणकरांत मात्र हा ऋषी कुलपुरुष आहे. त्याचा पुत्र भावनाऋषी याने कमळाच्या तंतूंपासून वस्त्र विणले अशी त्यांची श्रद्धा आहे; नारळी पौर्णिमेस सोलापुरात मार्कंडेयाचा रथ निघतो, आणि तेथील एका सहकारी रुग्णालयालाही त्याचेच नाव दिलेले आहे.

मृकंडूला निदान दोन पुत्रांतून निवड करता आली. या अरण्यप्रदेशातील बापापुढे अशी निवड कधी आलीच नाही. हिवताप, न्यूमोनिया, उपासमार आणि पावसाळ्यात तुटणारे रस्ते यांनी घराघरांतले पाळणे रिकामे केले. हे फार जुने नाही. १९८८ च्या सुमारास गडचिरोलीच्या ज्या गावांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी मोजणी केली, तेथे जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १२१ पहिला वाढदिवस पाहत नव्हती. सोळा वर्षे तर दूरच. त्यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत, गावातल्याच बायकांना शिकवून, नवजात बालकाची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. या आरोग्यदूत बाळाचे वजन घेत, त्याला ऊब देत, गुदमरलेल्यास श्वास देत, जंतुदोष ओळखून सुई टोचीत. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा अहवाल आला: तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ पासून ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर लागू करण्यात आली. यमाचा पाश शिवलिंगावर पडला ही कथा ज्या मुलखात दगडात कोरली गेली, त्याच मुलखातल्या अल्पशिक्षित बायकांनी तो पाश हाताने बाजूला सारून दाखवला, याची नोंद नावाच्या इतिहासात आम्हास आवश्यक वाटते.

पाळणे वाचू लागले तसतसे नाव मात्र मागे पडत चालले आहे. आज 'मार्कंडी' हे नाव मुख्यतः वडीलधाऱ्या पिढीत भेटते. नातवाला ते देण्यास सुना राजी नसतात, आणि शाळेत पोरे चिडवतील ही त्यांची शंका अगदीच खोटी नाही. नवी नावे आखूड आणि सुटसुटीत हवीत. पण त्या नव्या नावांत 'आयुष' वारंवार भेटते, आणि त्याचा अर्थ पुन्हा आयुष्यच.

जुन्या धर्मग्रंथांत वाढदिवसाचा जो विधी आहे, त्यात सात चिरंजीवांबरोबर आठव्या मार्कंडेयाचे स्मरण करून तीळ आणि गूळ घातलेले दूध अर्धी ओंजळ प्यावयाचे असते. हा विधी आता विरळ घरांत उरला आहे आणि दुधाची जागा केकने घेतली आहे. तरी चामोर्शीच्या बाजारातला छापखाना असो की पुण्याचा, लग्नपत्रिकेत मुलाच्या नावाआधी 'चि.' हे अक्षर आजही छापले जाते, आणि ते राहिले तर मुलाची आई पत्रिका परत पाठवते.