पन्हळीचा आंकडा

आढ्याचें पाणी वळचणीला, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती खरी आहे. परंतु वळचणीला आलेल्या पाण्याचें पुढें काय होतें, हें सांगण्याच्या भानगडींत ती पडत नाहीं. म्हणीचें काम तेथें संपतें आणि घरमालकाचें तेथून सुरू होतें. श्रोतेहो, आजच्या भाषणांत मी त्या पुढच्या प्रवासाविषयीं बोलणार आहें. आणि त्यांतहि पन्हळीपेक्षां पन्हळीला उचलून धरणाऱ्या लोखंडी आंकड्याविषयीं.

इमारतींचा इतिहास लिहिणारे पंडित घुमट मोजतात, कमानींचीं घराणीं लावतात, खांबांवरील नक्षी उतरून घेतात. वळचणीखालीं ठोकलेल्या वीतभर लोखंडाकडे पाहावयास त्यांना सवड नसते. पन्हळीचें नांव तरी क्वचित् निघतें; तिच्या आधाराचें तेंहि नाहीं. वास्तविक पन्हळ म्हणजे निव्वळ एक खोलगट वस्तु. मातीची असो, लांकडाची असो वा शिशाची असो, ती घडविणें मनुष्याला फार प्राचीन काळींच साधलें होतें. मोहेंजोदडोच्या घरांत वरचें पाणी खालीं नेणाऱ्या भाजलेल्या मातीच्या नळ्या सांपडल्या आहेत. अवघड होतें तें निराळेंच. पाण्यानें भरलेली लांबलचक पन्हळ भिंतीच्या बाहेर, अधांतरीं, सरळ रेषेंत आणि तरीहि किंचित् उतरती अशी वर्षानुवर्षें धरून ठेवावयाची, हें खरें कसब. तें साधेपर्यंत बहुतेक ठिकाणीं छपराचें पाणी पागोळ्यांनीं जमिनीवर पडे. आणि पाणी जमिनीवर पडलें कीं ती जमीन कोणाची, हा प्रश्न आलाच.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत घरें बांधण्याविषयींचे जे नियम आहेत, त्यांत शेजारच्या दोन घरांच्या छपरांमध्यें चार अंगुळांचें अंतर ठेवावें, नाहीं तर एकाचें छप्पर दुसऱ्यावर चढवावें, असें सांगितलें आहे. रोमन कायद्यांत शेजाऱ्याच्या जागेंत आपल्या पागोळ्या पाडण्याचा हक्क हा एक स्वतंत्र हक्क मानीत. इंग्लंडांतील केंट परगण्याच्या इ. स. ८६८ च्या एका दानपत्रांत पागोळ्यांसाठीं दोन फूट जागा सोडण्याचा उल्लेख आहे. त्या दोन फुटांच्या पट्टींत उभा राहून आंतलें बोलणें चोरून ऐकणाऱ्यास इंग्रजींत जें नांव पडलें, तें अद्याप त्या भाषेंत रूढ आहे. त्यांतली पागोळी मात्र आतां कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं.

दाट वस्तींत दोन फूट म्हणजे थोडी जागा नव्हे. वीस फूट लांबीच्या भिंतीला ती चाळीस चौरस फूट होते. मालकी तुमची, पण उपयोग पावसाचा! एवढी जागा घराला परत मिळवून देण्याचें सामर्थ्य पन्हळींत आहे. आणि पन्हळीचें सामर्थ्य तिच्या आधारांत आहे.

प्राचीनांनीं पाणी धरून ठेवण्यापेक्षां तें दूर फेंकून देण्याचा मार्ग पत्करला. ग्रीक देवळांच्या छपराच्या कडेला मातीचा किंवा संगमरवराचा उभा कांठ असे आणि त्यांत सिंहांचीं मुखें बसवीत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकांतील रोमन वास्तुशास्त्रज्ञ विट्रुव्हियस ह्यानें ह्या मुखांविषयीं एक मार्मिक सूचना करून ठेवली आहे. जीं मुखें खांबांच्या बरोबर वर येतात, तेवढींच आरपार कोरावीं. दोन खांबांच्या मधलीं भरीव ठेवावीं, म्हणजे खांबांमधून आंत जाणाऱ्यांच्या अंगावर धार पडणार नाहीं. युरोपांतील मध्ययुगीन मंदिरांवर चित्रविचित्र प्राण्यांच्या तोंडांतून पाणी पडतें. त्या तोंडांचें फ्रेंच नांवच मुळीं घशावरून आलेलें आहे. आपल्या देवळांतील मकरमुखाचें प्रणाळ त्यांचेंच भावंड. मुंबईचें जुनें व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस, १८७८ ते १८८८ ह्या दहा वर्षांत उभें राहिलें, त्यावरहि अशीं प्राणिमुखें आहेत. ह्या दगडी मुखांना आंकडा लागत नाहीं. दगडाचें शेपूट भिंतींत खोल रुतलेलें असतें आणि वरच्या चिरेबंदीचें ओझें त्याला दाबून धरतें. पण दोष असा कीं, फेंकलेलें पाणी वारा सुटला म्हणजे फिरून भिंतीवरच येतें.

इ. स. १२४० मध्यें इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्री राजानें टॉवर ऑफ लंडनच्या कारभाऱ्यास एक हुकूम पाठविला. तेथील मुख्य बुरुजाला नुकताच पांढरा चुना दिला होता. गळणाऱ्या पावसाच्या पाण्यानें ही नवी सफेती बिघडूं नये, म्हणून छपरावरील शिशाच्या पन्हळी थेट जमिनीपर्यंत खालीं उतरवाव्या, असा तो हुकूम होता. व्हाइट टॉवर हें नांव त्या सफेतीचें. उभ्या नळांचा इतका जुना आणि इतका स्पष्ट लेखी उल्लेख विरळाच. आणि त्याच्या मुळाशीं प्रजेचें हित नसून चुन्याची काळजी आहे, ही गोष्ट मला तरी मोठी मनोरंजक वाटते.

शिसें मऊ असल्यामुळें हवें तसें वळतें आणि तें गंजत नाहीं. म्हणून तेथें पुढें कित्येक शतकें शिशाचेंच राज्य होतें. डार्बीशायरमधील हॅडन हॉल ह्या वाड्यावरील नळांचीं शिशाचीं नक्षीदार पेटीसारखीं तोंडें आजहि प्रसिद्ध आहेत. परंतु शिसें पाण्याच्या अकरापट जड, आणि उन्हानें एकदां लांबलें कीं पूर्ववत् आंखडत नाहीं. दोन आधारांमध्यें तें झोळीसारखें लोंबू लागतें. त्यामुळें शिशाची पन्हळ भिंतीच्या माथ्यावर किंवा फळीवर सबंध लांबीभर निजवावी लागे. उभ्या नळाला दोन बाजूंस शिशाचेच कान जोडीत आणि त्या कानांतून खिळे मारीत. म्हणजे पन्हळ टांगण्याचा प्रश्न शिशानें सोडविला नाहीं, चुकविला.

लंडनच्या रस्त्यांत तेव्हां पावसाळी दिवशीं चालणें हा एक पराक्रमच असे, कारण दोन्ही बाजूंच्या छपरांचें पाणी रस्त्यावर पडे. १६६६ च्या भयंकर आगीनंतर तेथें विटांचीं घरें आलीं. १७०७ च्या कायद्यानें वळचणीखालच्या पुढें आलेल्या लांकडी कंगण्या बंद केल्या. कारण आग त्यांवरून एका घरावरून दुसऱ्या घरावर धांवे. समोरची भिंत छपराच्याहि वर कठड्याप्रमाणें चढवावी लागली. पुढें १७२५ च्या सुमारास झालेल्या कायद्यानें नव्या घरांच्या छपरांचें पाणी नळानें खालीं आणण्याची सक्ती केली. पहिला कायदा आगीसाठीं झाला, पण त्यानें पाण्याचीहि वाट बदलली. वळचण नाहींशी झाली आणि पन्हळ कठड्याच्या मागें, घराच्या पोटांत गेली. रस्त्यावरून घरें मोठीं नीटनेटकीं दिसूं लागलीं. पण बाहेरची पन्हळ गळली तर वाटसरू ओरडतो. आंतली गळली तर कोणीच ओरडत नाहीं. वाशांचीं टोकें मुकाट्यानें कुजत राहतात, आणि छताला डाग पडतो तेव्हां फार उशीर झालेला असतो.

पन्हळ पुन्हां बाहेर आली ती बिडाच्या जोरावर. १७०९ सालीं कोलब्रुकडेल येथें अब्राहम डार्बी ह्यानें दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड गाळण्यास आरंभ केला, आणि पुढच्या शंभर वर्षांत बीड स्वस्त झालें. बीड ठिसूळ असतें खरें, पण शिशासारखें लोंबत नाहीं. बिडाची सहा फुटी पन्हळ दोनच ठिकाणीं उचलून धरली तरी मधें सरळ राहते. आतां वर फळी नको, खालीं भिंत नको; नेमक्या बिंदूंवर आधार मिळाला कीं पुरे. आंकड्याचा खरा जन्म येथें झाला.

एकोणिसाव्या शतकांत ह्या आंकड्याचे नाना अवतार झाले. वाशाच्या कुशीला स्क्रूनें बसणारा एक. वाशांच्या टोकांवर ठोकलेल्या फळीला बसणारा दुसरा. जेथें वासाहि हाताशीं नाहीं आणि फळीहि नाहीं, तेथें भिंतीच्या दरजेंत ठोकावयाचा टोंकदार गज, आणि त्याच्या पुढच्या उभ्या आट्यावर बसविलेली अर्धगोल बैठक. ही बैठक चाकी फिरवून वरखालीं करतां येते. हा तिसरा प्रकार मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. पन्हळीला उतार लागतो तो दहा फुटांस जेमतेम पाव इंच. गवंड्याच्या हातून भिंतीची दरज तितकी अचूक येणें शक्य नाहीं. आणि आज अचूक आली तरी घर बसलें कीं दहा वर्षांनीं ती तशी राहत नाहीं. बसविणारा कारागीर पहिला आणि शेवटचा आंकडा आधीं ठोकतो, दोहोंमध्यें दोरी ताणतो आणि बाकीचे आंकडे त्या दोरीला लावून घेतो. दर तीन फुटांस एक, आणि सांध्याजवळ न चुकतां एक. ओतीव आंकडा फुटतो तो एकदम. घडीव लोखंडाचा आधीं वांकतो. वांकणें ही सूचना आहे, ती वेळीं दिसली तर पन्हळ वांचते.

भार केवढा, हेंहि पाहूं. सहा इंच रुंदीची अर्धगोल पन्हळ कांठोकांठ भरली, तर दर मीटरला सुमारें नऊ किलो पाणी होतें. त्यांत पन्हळीचें स्वतःचें वजन, सांचलेला पाला, आणि रंगाऱ्यानें निष्काळजीपणें टेकविलेली शिडी! आंकड्याचा शत्रु म्हणून मी शिडीचें नांव पावसाच्याहि आधीं घेईन.

ह्या वस्तु जहाजांतून आपल्याकडे आल्या. ग्लासगो येथें १८५० च्या सुमारास निघालेल्या वॉल्टर मॅक्फार्लेन ह्यांच्या सॅरासेन कारखान्याच्या छापील याद्यांत जाळ्या, खांब, कारंजीं ह्यांच्या बरोबरीनें पन्हळी, नळ आणि त्यांचे आधारहि असत, आणि त्या कारखान्याचें ओतीव काम हिंदुस्थानांत येई. पण लंडनचा पाऊस वर्षाकांठीं सुमारें ६०० मिलिमीटर. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. लंडनच्या दीड वर्षाहून अधिक! पन्नास चौरस मीटरच्या छपरावर त्या एका दिवसांत ४७,००० लिटरांहून जास्त पाणी पडलें. असले दिवस विरळा, हें कबूल. तरी आपल्या कोंकणपट्टींत विलायती अंतरानें आंकडे ठोकणें म्हणजे पावसाची ओळख नसल्याची कबुली देणें होय.

आपली जुनी रीत निराळी होती. पोफळीचें खोड उभें चिरून, गाभा काढून केलेली पन्हळ कोंकणांत बेचक्याच्या खांबांवर ठेवीत. तिचा भार वाशांवर न पडतां जमिनीवर जाई. आंकड्याचा प्रश्नच उद्भवत नसे. देशावर माळवदाच्या घरांना भिंतीबाहेर लांब आलेलीं पन्हाळीं असत, आणि पुण्याच्या वाड्यांत चारी पाख्यांचें पाणी चौकांतील फरसबंदीवर पडे. नळीच्या कौलांची वळचण कधींच एका रेषेंत नसते. शिवाय दर वर्षीं घर शाकारावयाचें, म्हणजे ती रेषा पुन्हां हालणार. अशा कडेखालीं ओतीव पन्हळ बसवावी तरी कशी? १८६५ सालीं बाझल मिशननें मंगळूर येथें कौलांचा कारखाना काढला. त्या सांच्यांतील कौलांनीं वळचण सरळ केली, आणि माझ्या मतें बिडाच्या व जस्ती पत्र्याच्या पन्हळीला आपल्या घरांत प्रवेश मिळाला तो ह्या सरळ रेषेमुळें. जस्ताचा मुलामा देण्याची कृति फ्रान्समध्यें सोरेल ह्यानें १८३७ सालीं नोंदविली होती. तिनें पन्हळ हलकी झाली आणि आंकडा गावच्या लोहाराच्या आटोक्यांत आला. जाड पट्टी वांकवावी, दोन भोंकें पाडावीं, कीं झालें.

अमेरिकेंत पत्र्याच्या पन्हळीसाठीं एक सोपी युक्ति निघाली. पन्हळीच्या दोन्ही कांठांतून आरपार लांब खिळा घालून तो मागच्या फळींत ठोकावयाचा, आणि कांठ दबूं नयेत म्हणून मधें खिळ्यावर नळीचा तुकडा ओंवावयाचा. काम झटपट होई. परंतु लांकूड पावसानें फुगतें आणि उन्हानें आंखडतें. प्रत्येक फेरींत खिळा थोडा थोडा बाहेर सरकतो, आणि तेंच भोंक दुसऱ्यांदा उपयोगी पडत नाहीं. म्हणून तेथें आतां पन्हळीच्या आंत लपणारा आणि स्क्रूनें आवळला जाणारा आंकडा वापरतात.

प्लास्टिकच्या पन्हळीनें मात्र आंकड्याचें काम उलटें करून टाकलें. चार मीटरची प्लास्टिकची पन्हळ तीस अंशांच्या उष्णतेच्या फरकानें सुमारें आठ मिलिमीटर लांबते. तेवढ्याच लांबीची लोखंडी पन्हळ दीड मिलिमीटरहि लांबत नाहीं. प्लास्टिकला घट्ट आवळून धरलें तर तें दुपारीं कमान करतें आणि सांध्यांतून सुटतें. त्यामुळें त्याच्या आंकड्याला पन्हळीचा कांठ नुसता अडकवून ठेवणारी जीभ असते. खालून पाण्याचा भार तो पेलतो, पण पन्हळीला लांबीच्या दिशेनें मागेंपुढें सरकूं देतो. उन्हाळ्याच्या दुपारीं अशा वळचणीखालीं उभें राहिल्यास त्या सरकण्याचा बारीक कटकट आवाज ऐकूं येतो.